बदकाची पिल्लं ऑनलाइन मागवताय? आधी माझं काय झालं ते वाचा

परवा तीच जाहिरात परत दिसली. तोच फोटो, निळ्या परातीतली पिवळी पिल्लं, फक्त नाव आणि नंबर वेगळा. म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय काढायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही कुडाळ तालुक्यातले, घरामागे भाताचा मळा, पाणी भरपूर, म्हटलं थोडी बदकं पाळू. जाहिरातीत लिहिलेलं, खाकी कॅम्पबेल (भरपूर अंडी देणारी बदकाची जात), शंभर टक्के माद्या, पाच महिन्यांत अंडी, आणि अंडी आम्हीच १२ रुपयांनी परत घेऊ. ते परत घेऊ वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं, २०१९ ला इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात असंच सांगून किती जणांना बुडवलं ते आपण सगळ्यांनीच वाचलेलं. पण माणूस बोलायला इतका गोड, ताई ताई करत रोज फोन, व्हिडिओ पाठवायचा, शेवटी २५ पिल्लांचे ३७५० रुपये, त्याच्याकडचंच स्पेशल खाद्य ५० किलो ३००० रुपये, वर ६५० भाडं, असे ७४०० आधीच पाठवले.

जूनच्या पहिल्या पावसात रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून खोकं आलं, उघडलं तर तीन मेलेली. फोन केला तर म्हणाला प्रवासात होतं ताई तेवढं, बाकीच्यांना लगेच पाण्यात सोडा, बदकच ते, तरतरीत होतील. मी ऐकलं. टबात सोडली, दहा मिनिटांत अंग भिजून चिकटलं आणि थरथरायला लागली. आई म्हणजे सासूबाई धावत आल्या, पदराने पुसून बल्बखाली ठेवली, तरी दोन गेलीच. नंतर कळलं की बदकीणीच्या अंगाला घासून पिल्लांच्या लवीवर तेल लागतं म्हणून ती भिजत नाहीत, आई नसलेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे पोहायला सोडायचंच नाही. पिण्याचं पाणी मात्र चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं आणि खाण्याच्या शेजारीच हवं, कोरडं खाद्य त्यांच्या घशात अडकतं.

आता खाद्याचं सांगते कारण खरी फसवणूक तिथे झाली. पांढरी गोण, त्याच्यावर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, लेबल काढल्यावर उरतो तसा दोऱ्याचा तुकडा शिवणीत अडकलेला. आतून कुबट वास, मुठीत घेतलं तर ढेकळं, आणि ढेकूळ फोडलं की आत हिरवट भुकटी. मला वाटलं पावसाची हवा लागली असेल, उन्हात घालून घातलं खायला. आठवड्यात पिल्लं चालेनात, घोट्यांवर बसून राहायची, पंख टेकवून पुढे सरकायची, एक एक करत सात मेली. ह्या माणसाला फोन केला तर तुम्ही नीट सांभाळत नाही म्हणाला आणि पाचशेचं टॉनिक घ्या म्हणून मागे लागला.

शेवटी पशुवैद्यकीय दवाखान्यात गोण घेऊनच गेले. डॉक्टरांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले हे ब्रॉयलर कोंबडीचं जुनं खाद्य आहे, बुरशी धरलेली, आधी फेकून द्या. बुरशीच्या विषाने कोंबडीला जेवढं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त बदकाच्या पिल्लाला होतं, ऊन दाखवून ते विष जात नाही. शिवाय बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं बी जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की पायात ताकद राहत नाही. त्यांनी पाण्यातून द्यायचं बी कॉम्प्लेक्स दिलं, ताजं चिक स्टार्टर म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं खाद्य ओलसर करून घालायला सांगितलं, थोडा बारीक चिरलेला पाला, आणि खाली तूस रोज बदलायचं. पहिल्या आठवड्यात ३२ डिग्रीच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला थोडी कमी. तेरा वाचली. त्यातलं एक चार दिवस माझ्या हातातूनच पाणी प्यायचं, पाचव्या दिवशी स्वतःच्या पायावर उभं राहिलं तेव्हा मला रडूच आलं.

दोन महिन्यांनी आवाज फुटला. मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज बसलेला, घोगरा. आमच्याकडे ओरडणाऱ्या फक्त दोन निघाल्या, बाकी अकरा नर! पुढे त्यांच्या शेपटीवर वळलेलं पीस आल्यावर तर शंकाच उरली नाही. एक दिवसाच्या पिल्लाचा नर मादी जाणकार माणूस हाताने तपासू शकतो, त्यामुळे ह्याने न बघता दिली की बघून नर आमच्या गळ्यात मारले ते तुम्हीच ठरवा. तेव्हापासून त्याने मला ब्लॉक केलंय.

पैसे पाठवायच्या आधी पिल्लं स्वतः जाऊन बघा, चालवून बघा, खाद्य आपल्या ओळखीच्या दुकानातून तारीख असलेली सीलबंद गोण बघूनच घ्या. कोणी ऑलरेडी पैसे भरले असतील तर आजच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि आधी चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याने आमच्या चॅटला आपोआप मेसेज गायब होण्याची सेटिंग लावून ठेवलेली, मी तक्रार करायला बसले तेव्हा शंभर टक्के माद्या वाला मेसेज उरलाच नव्हता, फक्त माझी पैसे पाठवल्याची पावती होती.