गर्भपात सेवा आणि समुपदेशन : साताऱ्यातील एका प्रसूतिगृहाचा अनुभव

प्रसूतिगृहाचे नाव मी लिहिणार नाही. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगितली, तर वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डॉक्टरांनी पाळलेले पथ्य जावेने मोडावे, हे बरे नव्हे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना दोन मुली आहेत आणि दीर नोकरीनिमित्त मस्कतला असतात. ते सुट्टीवर येऊन गेल्यानंतर, काळजी घेऊनही, जाऊबाईंना दिवस गेले. तिसरे मूल नको यावर नवराबायकोचे फोनवर एकमत होते. सासूबाईंचे मात्र नव्हते. त्या माळकरी असून जीव पाडणे हे पाप, यावर त्या ठाम आहेत.

आधी आम्ही ज्या रुग्णालयात गेलो, तिथे ‘मालकांची सही लागेल’ एवढेच सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. वास्तविक १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच लेखी संमती लागते, आणि गर्भनिरोधनाचे साधन निष्फळ ठरणे हे कारण तर मूळ कायद्यातच आहे, फक्त तेव्हा ते विवाहितेपुरते होते. पन्नास वर्षांनंतरही सहीसाठी नवरा शोधावा लागतो, हे संतापजनक आहे.

दुसऱ्या प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंनी प्रथम जाऊबाईंना एकटीला आत घेतले आणि ‘कोणी बळजबरी करते आहे का, पाडण्यासाठी किंवा ठेवण्यासाठी?’ असे दोन्ही बाजूंनी विचारले. नंतर जाऊबाईंच्या परवानगीने सासूबाईंना व मला बोलावले. पुढची वीस मिनिटे हेच या सेवेचे खरे मोल आहे. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना पाप-पुण्यावरून खोडले नाही, की कायद्याचा धाकही घातला नाही. ‘आजी, तुम्हाला कशाची भीती वाटते?’ एवढेच त्या म्हणाल्या. गळ्यातली तुळशीची माळ चाचपत सासूबाई बऱ्याच वेळाने बोलल्या, ‘या खेपेला मुलगा असला तर?’ डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीकडे बोट दाखवले आणि आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ते दिसतही नाही, हे सांगितले. त्यावर सासूबाई ताडकन म्हणाल्या, ‘तपासून पाडणं ते तर महापाप!’ जाऊबाईंनीही मान हलवली. त्या दिवसात त्या दोघींचे प्रथमच जुळले होते.

हा धागा महाराष्ट्राला नवा नाही. गर्भाचे लिंग ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या गर्भजलपरीक्षेविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला, आणि त्यासाठी झगडणाऱ्या अनेक स्त्री-कार्यकर्त्या गर्भपाताच्या हक्काच्याही बाजूने होत्या. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द रूढ झाल्यावर प्रत्येक गर्भपातच हत्या वाटू लागतो, म्हणून ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा, असा आग्रह त्यांच्यापैकी अनेकींनी धरला. मला तो पटतो. सासूबाईंना हत्या हाच शब्द पटतो. मतभेद आहे तो इथे, आणि तो शब्दांनी मिटणारा नाही. सर्वोच्च न्यायालयातही तो मिटला नव्हता. ऑक्टोबर २०२३मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींपैकी न्या. हिमा कोहली यांची सदसद्विवेकबुद्धी परवानगी देईना, तर न्या. नागरत्ना यांच्या मते स्त्रीच्या निर्णयाचा मान राखायला हवा होता. शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. आमच्याकडे प्रश्न आठ आठवड्यांचा होता, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एका डॉक्टरचे मत पुरेसे होते.

जुळले ते असे : लिंग तपासायचे नाही, जाऊबाईंच्या जिवाला धोका पोहोचू द्यायचा नाही, आणि पुढे तांबी बसवायची. तांबीला सासूबाईंनी हरकत घेतली नाही, याचे मला आश्चर्य वाटले. पाडण्याला त्यांची संमती नव्हती व ती कोणी मागितलीही नाही. संमतीपत्र डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंसमोरच ठेवले आणि मराठीत वाचून दाखवले.

पहिली गोळी तिथेच दिली, दुसऱ्या औषधाच्या गोळ्या दोन दिवसांनी घ्यायच्या होत्या. किती रक्तस्राव झाल्यास धावत यायचे, हे ‘तासाला दोन पॅड भिजले, असे सलग दोन तास’ अशा नेमक्या भाषेत कागदावर लिहून दिले. पंधरा दिवसांनी तपासणीला बोलावले. पैशांची पावती न मागता मिळाली.

उणिवाही आहेत. गर्भपातासाठी आलेल्या व बाळंतपणासाठी आलेल्या बायका एकाच बाकावर बसतात, समोर गुटगुटीत बाळांची कॅलेंडरे. शिवाय एका आयाबाईंनी ‘गोळीवालं पेशंट कोण?’ असे दारातून ओरडून विचारले. गोपनीयतेचे नियम आयाबाईंपर्यंत पोहोचलेले नसतील, तर डॉक्टरांच्या खोलीतली सारी काळजी दाराशी संपते. मी ही तक्रार लेखी दिली आहे.

तपासणीच्या दिवशी सासूबाई सोबत आल्या नाहीत. मुलींना शाळेतून आणायला मात्र त्या गेल्या होत्या, आणि जाऊबाईंसाठी पेज करून ठेवली होती.