भिंतीतलं शिसं मोजणारी सेवा : एका आजीचा अभिप्राय

बॉस्टनजवळ सॉमरव्हिलला मुलाने जुन्या तीन मजली लाकडी घराचा मधला मजला विकत घेतला. नातू दहा महिन्यांचा, रांगता. मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षाच्या आतबाहेर प्रत्येक बाळाच्या रक्तातलं शिसं तपासतातच. बोटाला टोचून पाहिलं तर ६ आलं (डेसिलीटर रक्तात इतके मायक्रोग्रॅम; पुढचे रक्ताचे आकडेही याच मापात). बोटावरची धूळही आकड्यात मिसळते, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा ४. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेची रेषा ३.५ ची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, पण घराच्या जुन्या रंगात शिसं आहे का, ते बघून घ्या. म्हणून शिसं तपासणारा परवानाधारक माणूस बोलावला. त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

मी सांगली जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. आमची हत्यारं म्हणजे वजनकाटा आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी. पट्टी लाल आली, म्हणजे मूल कुपोषित, की धावपळ, हिरवी आली की पुढचं मूल. नातू तर चांगला गुटगुटीत. सूनबाईला म्हटलं, "अगं, एवढं बाळसेदार पोर, कशाला एवढे पैसे घालवता?" ती काही बोलली नाही. डेव्हिड बेलिंजर या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९८७ चा शोधनिबंध छापून आणला, माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आई, हा बघा. इथलाच आहे."

खरंच इथलाच. बॉस्टनमध्ये जन्मलेली २४९ बाळं, बरीचशी सुखवस्तू घरांतली. शिसं मोजलं ते जन्मतःच, नाळेच्या रक्तात. मग दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांची होईपर्यंत, बेली चाचणी, म्हणजे बाळाची समज किती वाढली ते गुणांत मोजणारी. ठोकळा वाटीत टाक, झाकलेली वस्तू शोध, असली कामं. आम्हीही अंगणवाडीत खेळ म्हणून हेच करून घ्यायचो, फक्त गुण कधी मांडले नाहीत. ज्यांच्या नाळेत शिसं १० किंवा जास्त, ती मुलं ३ च्या खालच्या मुलांपेक्षा सरासरी ४.८ गुणांनी मागे. आणि त्या वेळची सरकारी धोक्याची रेषा होती २५! म्हणजे कागदावर सगळी ठणठणीत. माझ्या पट्टीवर तर शिशापायी एकही लाल आलं नसतं. इतकी वर्षं मी काय काय हिरवं म्हणून पुढे पाठवलं असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

चार-पाच गुणांनी काय होतंय, असं मुलगा म्हणाला. बेलिंजरनेच २०१२ मध्ये त्याचा हिशेब मांडलाय : अमेरिकेतल्या पाच वर्षांखालच्या सुमारे अडीच कोटी मुलांचा मिळून शिशापायी गेलेला बुद्ध्यांक जवळजवळ २ कोटी २९ लाख गुण. एकेका घरात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता सेवेबद्दल. माणूस वेळेवर आला, बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या, हे पहिलं कौतुक. हातात बंदुकीसारखं एक्स-रेचं यंत्र. रस्त्याकडची भिंत ए, मग क्रमाने बी, सी, डी. दारं, चौकटी, जिन्याचा कठडा, सगळं टिपलं. रंगात चौरस सेंटीमीटरला १ मिलीग्रॅम किंवा जास्त शिसं आलं की नोंद. भिंती बऱ्या निघाल्या. वाईट निघाल्या त्या वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या. खिडकी उघडली की रंगावर रंग घासतो आणि खालच्या खाचेत पिठीसारखी भुकटी पडते. त्याच खिडकीला धरून नातू उभा राहायला शिकतोय, आणि उभा राहिला की चौकट चोखतो. मुलगा रविवारी सँडपेपर घेऊन बसणार होता. तपासनिसाने हात जोडायचेच बाकी ठेवले : अजिबात घासू नका, सगळ्या घरात धूळ होईल, हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. तोपर्यंत ओल्या फडक्याने पुसा. साडेपाचशे डॉलर त्या एका वाक्यात वसूल झाले.

तक्रार दोन गोष्टींची. अहवाल म्हणजे तीसेक पानं नुसती अक्षरं आणि आकडे. 'बी-२, खिडकी, डावी' म्हणजे नक्की कुठली, हे शोधायला मुलाला फोनवर तीन वेळा विचारावं लागलं, आणि दर वेळी उत्तर दुसऱ्या दिवशी. दुसरी तक्रार जास्त मनाला लागलेली. मी माझा कुंकवाचा करंडा आणि सांगलीहून आणलेली हळद त्याच्यापुढे ठेवली. तो हसला नाही, पण यंत्रही लावलं नाही : हे यंत्र रंगासाठी जुळवलंय, पावडरीचा आकडा खरा येणार नाही. त्याचं चूक नाही. पण बॉस्टनच्याच डॉक्टरांनी २०१० मध्ये आपले मसाले आणि पूजेच्या पावडरी तपासल्या होत्या, आणि तीन सिंदुरांत ४७ टक्क्यांच्या वर शिसं निघालं होतं. भारतीय घरात येताना निदान "हे दुसरीकडे तपासून घ्या" एवढा कागद तरी द्यावा की नाही?

भिंती-खिडक्यांसाठी बोलवा, पाचपैकी चार. स्वयंपाकघर आणि देवघर तुमचं तुम्हाला बघायचंय. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा नाचणी-पालेभाजीचं माझं जुनं पुराण इथेही चालू आहे.

करंडा आणि हळद प्रयोगशाळेत गेलीय. परवा नातवाचं औक्षण केलं, कपाळाला नुसत्या अक्षता लावल्या. त्याने त्यातली एक उचलून तोंडात घातली.