क्लच बदलला, वास तसाच: जळक्या रबराच्या वासावरून होणारी फसवणूक

गाडीत जळक्या रबराचा वास येतोय म्हणून गॅरेजला नेली. बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि निदान झालं: "क्लच गेला." क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट नवा बसला, वर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी लागली. चौथ्या दिवशी एसी लावला आणि वास पुन्हा सुरू. दुसऱ्या गॅरेजमध्ये फॅन बेल्ट (अल्टरनेटर, एसी फिरवणारा इंजिनवरचा रबरी पट्टा) उतरवून पुल्या हाताने फिरवल्या, तेव्हा आयडलर पुलीचं, म्हणजे बेल्टला फक्त वाट दाखवणाऱ्या पुलीचं, बेअरिंग जाम झालेलं निघालं. बेल्ट त्या न फिरणाऱ्या पुलीवरून घासत होता. पुलीभोवती काळा रबरी भुगा साचला होता आणि बेल्टची सपाट बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती. पहिल्या गॅरेजमध्ये टॉर्च मारली असती तरी दिसलं असतं.

निदान क्लचवर ढकललं जातं, कारण तो आत असतो. मालकाला तो दिसत नाही आणि बिल मोठं होतं. पण क्लच तपासायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा वर पळाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. दोन्ही सोबत वाढले, तर सेट बदलायला होकार देऊ नका. चढावर गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की वास येतोच. तो थोड्या वेळाने गेला आणि क्लच स्लिप होत नसेल, तर सवय बदलायची, प्लेट नाही.

बेल्टच्या बाबतीत दुसरी चलाखी चालते. बेल्ट चिरकत असेल तर त्यावर चिकट स्प्रे मारतात. आवाज काही दिवस थांबतो, दुखणं तसंच राहतं. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी फवारायला सांगा (हात, बाह्या, ओढणी फिरत्या बेल्टपासून लांब). आवाज क्षणभर गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे, म्हणजे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिला आहे किंवा बेल्ट झिजला आहे. हल्लीच्या बेल्टला तडे जातीलच असं नाही, खाचा आतून खोल होत जातात, म्हणून "तडे नाहीत, बेल्ट चांगला आहे" हे पुरेसं नाही. वास एसी लावल्यावरच येत असेल तर एसीच्या कॉम्प्रेसरची पुली आणि त्या कॉम्प्रेसरचाच क्लच (गिअरचा नव्हे) बघा. इंजिन बंद करून, चावी काढून, बेल्ट उतरवून प्रत्येक पुली फिरवायची: खरखर, डगमग किंवा जाम झालेली तीच दोषी. जाम पुली तशीच ठेवून फक्त नवा बेल्ट टाकला तर तोही जळणार. तो तुटला की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर थांबतो, आणि ज्या गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो तिथे इंजिन तापतं.

तिसरी जागा टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची. तिथलं गॅस्केट झिरपलं की ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतं. गाडी पळवून थांबलं की वास जास्त येतो, कधी बोनेटखालून हलका धूरही निघतो. गॅस्केट बदलून तो भाग पुसून घेतला की काम संपतं. इथे "इंजिन खोलावं लागेल, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं) गेलंय" असं सांगितलं तर तीन गोष्टी विचारा: कूलंट कमी होतंय का, ऑइल दुधाळ झालंय का, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का? तिन्हींची उत्तरं "नाही" असतील तर खोलायला परवानगी देऊ नका.

वास एका चाकाजवळून येत असेल तर फार ब्रेक न मारता काही किलोमीटर चालवा, मग रिमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटलाय. बहुतेकदा कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजलेल्या असतात. साफ करून योग्य ग्रीस लावल्यावर चाक मोकळं फिरत असेल, तर चारही चाकांच्या डिस्क बदलायचं कारण नाही. सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवीही असाच वास देते. म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा.

वायर जळाल्यासारखा तिखट वास असेल तर मात्र गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. थांबा, इंजिन बंद करा, धूर किंवा ज्वाळा नसतील तरच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. उडालेल्या 10 ॲम्पिअरच्या फ्यूजच्या जागी 20 चा टाकून "झालं काम" म्हणणारा माणूस आग लागायची सोय करून देतोय.

क्लच खरंच उघडायचा ठरला तर जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर, प्लेट काढण्याआधी बोलवायला सांगा. जुनी प्लेट दुसऱ्याच गाडीची दाखवतात, म्हणून ती तुमच्या गाडीतून उतरताना बघा आणि फोटो काढा. अस्तर रिबिटांपर्यंत झिजलेलं किंवा जळून काळं पडलेलं असेल, फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकावर) निळे डाग असतील, तर काम खरं आहे. प्लेट तेलकट असेल तर क्रँकचं मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय. ते बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नका, तीही भिजेल. आणि प्लेट कोरडी, जाड, फ्लायव्हील स्वच्छ असेल, तर तिथेच काम थांबवा आणि फॅन बेल्ट उतरवायला सांगा.