कुत्र्याला गोचिडीचा पट्टा, मानेवरचे थेंब की गोळी?

आमच्या कुत्रीच्या, राणीच्या नाकातून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा आम्हाला वाटलं, कुंपणाच्या तारेला घासलं असेल. दोन दिवस तिने भाकरीला तोंड लावलं नव्हतं, तेही आम्ही उन्हाळ्यावर ढकललं होतं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर उचलून हिरड्या दाखवल्या तेव्हा मात्र पोटात गोळा आला. एरवी गुलाबी दिसणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. रक्त तपासलं, प्लेटलेट फार खाली गेलेल्या. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून येणारा, ज्याला सगळे टिक फिव्हर म्हणतात तो. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं आणि राणी वाचली. तिच्या अंगावर शोधून शोधून एकच गोचीड सापडली, कानाच्या आतल्या घडीत, एरंडाच्या बीएवढी फुगलेली.

तिला दर महिन्याला मानेवर थेंब टाकायचे ठरलेले होते. पण लग्नसराईत आमचे दोन महिने राहून गेले. औषध चांगलंच होतं, चुकलो आम्ही. म्हणून कुणी मला विचारलं की पट्टा घेऊ, थेंब घेऊ की गोळी, तर मी आधी उलटं विचारते: तुमच्या घरी कुत्रं राहतं कसं आणि तारखा लक्षात ठेवतं कोण?

तिन्हींचं काम करण्याचं तंत्र वेगळं आहे, आणि निवड खरं तर तिथेच ठरते.

पट्ट्यात औषध प्लास्टिकमध्येच मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं, कातडीवरच्या तेलकट थरात उतरतं आणि मानेपासून शेपटीपर्यंत पसरतं. चांगल्या पट्ट्यांत मुख्य औषध पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातलं असतं, फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन. या गटाचा गुण असा की गोचीड अंगावर चढली की तिच्या पायांनाच ते झोंबतं. बरीचशी चावण्याआधीच गळून पडतात. काही पट्ट्यांत पिसवांसाठी जोडीला इमिडाक्लोप्रिड असतं.

थेंबांमध्ये सर्वांत रुळलेलं औषध फिप्रोनिल. तेही कातडीच्या तेलातच मुरतं आणि मारतं चांगलं, पण गोचिडीला दूर ठेवण्याच्या बाबतीत कमजोर. पर्मेथ्रिन असलेले थेंब दूर ठेवतात आणि मारतातही.

गोळीचं गणित निराळं. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर ही तिच्यातली औषधं रक्तात उतरतात. गोचिडीला मरायचं तर तिने चावून रक्त प्यायलाच हवं. मारण्याच्या बाबतीत गोळ्या अतिशय खात्रीच्या आहेत, अंगावर चढलेली गोचीड सहसा एका दिवसात मरते. पण कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकियाचे जंतू चिकटल्यापासून अवघ्या तीन तासांत कुत्र्यात जाऊ शकतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. बबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या रोगाच्या जंतूंना मात्र साधारण दोन दिवस लागतात, म्हणजे तिथे गोळी वेळेत पोहोचते. म्हणून ज्या भागात एर्लिकियाचे रुग्ण डॉक्टरांकडे रोज येतात, तिथे चावूच न देणारं औषध असणं मला महत्त्वाचं वाटतं. गोळी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अंगावर आलेली प्रत्येक गोचीड मेली की अंगणातली पैदासही घटते, आणि तो फायदा मोठा आहे.

चावण्याआधी थांबवणं किती मोलाचं, हे कळायला इराण आणि ब्राझीलकडे पाहावं. तिथला काळा आजार वाळूमाशी कुत्र्यांतून माणसांत आणते. वायव्य इराणमधल्या १८ गावांत संशोधकांनी अर्ध्या गावांतल्या कुत्र्यांना डेल्टामेथ्रिनचे पट्टे घातले आणि मुलांची रक्ततपासणी केली. पट्ट्यांच्या गावांतल्या मुलांत नवा संसर्ग लक्षणीय कमी आढळला. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. औषध कुत्र्याच्या गळ्यात आणि राखण लेकरांची, याहून सुंदर काय असेल! ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं संसर्ग झालेली कुत्री मारण्याचं धोरण होतं. आता तिथलं सरकारच जास्त धोक्याच्या शहरांत कुत्र्यांना असे पट्टे घालतं.

आपल्याकडे हा फायदा जसाच्या तसा मिळत नाही. बिहार-झारखंडमधला काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, कुत्रं त्यात मधला दुवा नाही. तसंच दोडामार्ग-सावंतवाडीकडचे लोक विचारतात की पट्ट्याने माकडताप टळेल का. नाही टळणार. तो जंगलातल्या दुसऱ्या जातीच्या गोचिडीतून येतो. काजूच्या बागेत जाताना स्वतःच्या अंगाला लावायचं तेल आणि तपासणीबाबत आरोग्य खात्याच्या सूचना, यांची जागा कुत्र्याचा पट्टा घेऊ शकत नाही. मात्र कुणी कुत्र्यासह स्पेन, पोर्तुगाल किंवा इटलीला राहायला जाणार असेल तर तिथेही वाळूमाशी कुत्र्यांना हा आजार देते, म्हणून पट्टा किंवा पर्मेथ्रिनचे थेंब तिथे जवळपास अनिवार्य समजा. नुसत्या गोळीवर जाऊ नका.

आता घरातली माणसं आणि जनावरं मोजा.

मांजर असेल तर पर्मेथ्रिन घरात आणूच नका. कुत्र्याला ते सहज सोसतं, पण मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. झटके येऊन मांजर दगावतं. कुत्र्याला थेंब टाकले आणि संध्याकाळी मांजर त्याच्या कुशीत झोपलं, एवढंही पुरतं. डेल्टामेथ्रिनच्या पट्ट्यालाही हीच खबरदारी लागू आहे. मांजर आणि कुत्रं अंगाला अंग लावून राहत असतील तर मी सरळ गोळी सुचवते.

रांगतं मूल असेल, कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून झोपत असेल, त्याचा पट्टा तोंडात घेत असेल, तरीही गोळीच. औषध कातडीवर नसतं, त्यामुळे बाळाच्या हाताला लागत नाही. पट्टाच घ्यायचा असेल तर पाकिटावर घटक वाचा. फ्लुमेथ्रिनबरोबर प्रोपॉक्सर असलेले पट्टे वर्षानुवर्षं वापरात आहेत. अमेरिकेत मात्र मुलांच्या आरोग्याच्या काळजीपोटी २०१४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने कंपन्यांशी करार करून प्रोपॉक्सरचे पाळीव प्राण्यांचे पट्टे बंद करायला लावले. लहान मुलांच्या घरात मी तो घटक घेणार नाही.

अंघोळ हा मुद्दा लोक विसरतात. फिप्रोनिलचे थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस कुत्रं कोरडं ठेवावं लागतं. दर रविवारी शॅम्पू करणाऱ्या घरात हे पाळलं जात नाही, आणि मग ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून ओरड होते. पट्टा थोडंफार पाणी सोसतो, पण वारंवार शॅम्पू आणि पोहणं यांनी त्याचे महिने कमी होतात. नदीत, तळ्यात उड्या मारणाऱ्या कुत्र्याला पट्टा नको, याला आणखी एक कारण आहे: पायरेथ्रॉइड माशांना अतिशय विषारी असतात. अशा कुत्र्याला गोळी उत्तम. ती पोटात असते, पाण्याने धुऊन जात नाही.

उलट, शेतावर, गोठ्यात, अंगणात राहणारं, वर्षातून चार वेळा अंघोळ घडणारं कुत्रं असेल तर पट्ट्यासारखं सोयीचं काही नाही. आमची राणी अशीच आहे. इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा पट्टा सात-आठ महिने चालतो. डेल्टामेथ्रिनचा गोचिडींवर साधारण सहा महिने, वाळूमाशीवर त्याहून जास्त. वर्षाला दोन तारखा लक्षात ठेवायच्या, बस. थेंबांना बारा, महिन्याच्या गोळीला बारा, बारा आठवड्यांच्या गोळीला चार-पाच.

खर्चाचंही यातच आलं. दुकानात पट्ट्याची किंमत ऐकून माणूस दचकतो आणि थेंबांची नळी उचलतो. पण भागाकार करा: किंमत भागिले महिने. शिवाय गोळीची किंमत कुत्र्याच्या वजनाप्रमाणे चढते, तर पट्टे बहुधा लहान आणि मोठं अशा दोनच मापांत येतात. त्यामुळे तीस-पस्तीस किलोच्या लॅब्रडॉरला पट्टा बराच स्वस्त पडतो. चार किलोच्या पोमेरेनियनला हा फरक फारसा उरत नाही.

पट्टा घेतलात तर तो नीट घाला, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. तो कातडीला टेकायला हवा. केसांवर लोंबकळणारा पट्टा दागिन्यापलीकडे काही नाही. गळा आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जावीत, अधिक नाही, कमी नाही. उरलेलं टोक दोन-एक सेंटिमीटर ठेवून कापून टाका, नाहीतर दुसरं कुत्रं ते चघळतं. केस दाट असतील तर बाजूला सारून पट्टा आत बसवा. घातल्या दिवशीच गोचिडी गळतील अशी अपेक्षा ठेवू नका. आधीपासून चिकटलेल्या हाताने काढाव्या लागतात. डेल्टामेथ्रिनच्या पट्ट्याला पूर्ण पसरायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून पावसाळा तोंडावर येण्याची वाट पाहू नका. पहिले काही दिवस पट्ट्याखाली बोट घालून पाहत राहा. कातडी लाल झाली, केस गळाले, खाज सुटली तर काढून डॉक्टरांना दाखवा. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला सैल करा. हे मी हात जोडून सांगते, कारण गळ्यात रुतलेला पट्टा मी पाहिला आहे.

गोळीचीही एक खबरदारी आहे. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर किंवा फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण ज्याला पूर्वी फिट आली आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी देऊ नये. फ्लुरालॅनर जेवणासोबत द्यावी लागते, उपाशीपोटी ती नीट अंगी लागत नाही.

कडुनिंब, सिट्रोनेलाचे ‘हर्बल’ पट्टे रंगीत डब्यांत मिळतात. वास चांगला येतो, पण टिक फिव्हरच्या भागात मी त्यांच्यावर कुत्र्याचा जीव सोपवणार नाही. आणि गुरांच्या अंगावर फवारायचं डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझ अंदाजाने बादलीत ओतून कुत्र्याला धुणं गावोगाव चालतं, ते कृपा करून थांबवा. बैलाच्या अंगाचं प्रमाण कुत्र्याला लावलं की कुत्रं लाळ गाळतं, लटपटतं, कधी उठतही नाही.

एक राहिलं. हृदयातल्या जंताचा प्रसार डास करतात, आणि त्याला पट्टा पुरत नाही. त्याचं औषध वेगळं आहे, ते डॉक्टरांना वेगळं विचारा.

काहीही निवडा, घराच्या भिंतीही पाहाव्या लागतात. तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन खाली पडते, फटीत शिरते, कात टाकते. पोट भरलेली एक मादी हजारो अंडी घालते. आमच्या पडवीत कुत्र्याच्या पोत्यामागे, भिंतीच्या तडकलेल्या गिलाव्यात मी टॉर्च मारला तेव्हा तांबूस अंड्यांचा पुंजका चिकटलेला होता, मोहरीपेक्षाही बारीक दाण्यांचा. पोतं जाळलं, फटी सिमेंटने भरल्या. त्यानंतर राणीच्या पट्ट्याचा खरा गुण दिसायला लागला.

माझ्या पुण्याच्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षाची नात, एक मांजर आणि दर पंधरा दिवसांनी अंघोळ करणारा बीगल आहे. तिला मी बारा आठवड्यांची गोळी घ्यायला लावली, आणि फ्रिजवर पुढची तारीख नातीच्या हाताच्या ठशाशेजारी लिहिली. गल्लीतल्या ज्या कुत्र्यांना आम्ही खायला घालतो त्यांनाही गोळीच, पावाच्या तुकड्यात दाबून, वजनाचा अंदाज डॉक्टरांकडून पक्का करून. त्यांना पट्टा नको, कारण तो सैल करायला, कापायला, काढायला रोज कुणी त्यांच्याजवळ नसतं.