कुरकुंभची लॅब सोडून जावाचा क्लास लावला : दोन वर्षांनंतरचा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये मी कुरकुंभ एमआयडीसीतली क्वालिटी कंट्रोलची नोकरी सोडली. बीएस्सी केमिस्ट्री, दोन वर्षं एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) काम, हातात १७ हजार पगार. पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून सहा महिन्यांचा जावा फुल स्टॅक कोर्स केला, म्हणजे जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आणि वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू बनवायला शिकले. आता डेव्हलपर म्हणून लागून दहा महिने झालेत. क्लासच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांकडून पाच स्टार लिहून घेतात, तेव्हा मी लिहिलं नव्हतं. आज लिहितेय.

शिकवण्याबद्दल तक्रार नाही. कोअर जावाचे सर फार चांगले होते. एरर आला की आम्ही लगेच हात वर करायचो. सर कीबोर्डला हातही न लावता विचारायचे, "लाल अक्षरं शेवटपर्यंत वाचलीस का? तुझ्या फाइलचं नाव कुठल्या ओळीत आलंय?" त्या ओळीवर गेलं की नव्वद टक्के वेळा तिथेच काहीतरी नल, म्हणजे रिकामं राहिलेलं असायचं. ही सवय मला आज रोज उपयोगी पडते. स्प्रिंग बूट आणि रिअॅक्ट ही वेबसाइट बनवायची साधनं मात्र शेवटच्या पाच आठवड्यांत उरकली.

फी ४५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१००. घरून निघताना आम्ही एवढाच हिशोब केला होता आणि तिथेच चुकलं. कोर्स जूनमध्ये संपला, नोकरी मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. चौदा महिने कॉट, मेस, पीएमपीचा पास, रिचार्ज असा महिन्याला ९ हजार खर्च, म्हणजे १,२६,०००. फी धरून १,७९,१००. शिवाय सोडलेला पगार २,३८,०००. आणि मिळालं काय? वर्षाला २ लाख ४० हजार. कन्फर्म झाल्यावर तीन लाख झाले. ॲडमिशनच्या वेळी काउन्सेलर मॅडम सहा लाखांचं बोलत होत्या.

त्यांनी दाखवलेली ऑफर लेटर्स खोटी नव्हती, पण २०२१-२२ ची होती. तेव्हा कंपन्या फ्रेशर्सना धडाधड घेत होत्या. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रोची मिळून ६० हजारांवर माणसं कमी झाली. आम्ही शिकत होतो तेव्हाच भरती थंडावलेली होती, आणि हे आम्हाला ॲडमिशनच्या आधी सांगायला हवं होतं. म्हणून विचारायचंच असेल तर पॅकेज विचारू नका. बरोबर एक वर्षापूर्वी संपलेल्या बॅचची पूर्ण यादी मागा, लागलेल्यांची आणि न लागलेल्यांचीही. अमेरिकेतल्या ब्लूमटेक या कोडिंग शिकवणाऱ्या कंपनीने ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंटची जाहिरात केली होती. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने कारवाई केली, तेव्हा आतला आकडा पन्नासच्या आसपास आणि कधी तीसपर्यंत खाली असल्याचं बाहेर आलं. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२४ पासून कोचिंगवाल्यांनी नोकरीच्या खात्रीचे खोटे दावे करू नयेत अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. फसवणूक झाली असेल तर १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

आमचं 'प्लेसमेंट' म्हणजे ग्रुपवर येणाऱ्या वॉक-इनच्या लिंका. त्याच लिंका नोकरी डॉट कॉमवर सगळ्यांना दिसायच्या. एकदा क्लासवाल्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दोन वर्षांचा एक्स्पीरियन्स दाखवू, लेटर आम्ही देतो." मी नाही म्हटलं. माझा पीएफ कुरकुंभच्या कंपनीत कापला जात होता. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर टाकला की कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं ते सगळं निघतं. ज्यांनी लेटर घेतलं त्यातल्या एकाला रुजू झाल्यावर दोन महिन्यांत काढून टाकलं. मुलं घाबरलेली असतात, घरून रोज फोन येत असतात. अशा वेळी त्यांच्यापुढे हे ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

माझी नोकरी लागली ती बाणेरच्या एका छोट्या कंपनीत. क्लासमध्ये सगळ्यांचा प्रोजेक्ट एकच, हॉस्पिटल मॅनेजमेंट. दोन ठिकाणी तो बघून लगेच पुढच्या उमेदवाराला बोलावलं होतं. म्हणून रिकाम्या महिन्यांत मी जुन्या लॅबसारखं सॅम्पल रजिस्टर बनवलं : बॅच नंबर, टेस्ट, निकाल, कोणी तपासलं. मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं, "निकाल चुकीचा भरला गेला तर एडिट कुठून करायचा?" मी म्हटलं, एडिट ठेवलेलाच नाही. लॅबमध्ये आम्ही खोडत नाही, व्हाइटनर तर चालतच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. म्हणून टेबलमध्येही जुनी नोंद तशीच राहते आणि दुरुस्ती नवी नोंद म्हणून पडते. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून कोड उघडला आणि पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्याच्यावरच बोललो. तो कोड लिहिण्याइतकी जावा मला क्लासने दिली, हे मी मानते. इंजिनिअर असाल तर मात्र आधी सीडॅक या सरकारी संस्थेच्या पीजी-डॅक कोर्ससाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन बघा, मगच खासगी क्लासकडे वळा.

माझ्या शेजारच्या कॉटवर नांदेडची एक मुलगी होती. तिला माझ्यापेक्षा जावा चांगली यायची. जावातला कलेक्शन्सचा भाग मी तिच्या वहीतून शिकले. ऑक्टोबरमध्ये तिच्या घरचे पैसे संपले आणि ती परत गेली. माझे बाबा सोसायटीचं कर्ज काढू शकले, म्हणून मी आणखी चार महिने टिकले. आमच्या दोघींत एवढाच फरक होता. क्लासच्या माहितीपत्रकात या महिन्यांचा कुठेच उल्लेख नसतो. कोर्सनंतरचे किमान आठ महिने पुण्यात राहायची सोय नसेल, तर हातातली नोकरी सोडू नका, शनिवार-रविवारची बॅच घ्या.

ती आता तिथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. परवा फोनवर विचारत होती, परत येऊन बघू का. जूनपासून माझ्या खोलीतली एक कॉट रिकामी होतेय. ती दुसऱ्या कोणाला देऊ नका, असं मालकीणबाईंना सांगून ठेवलंय.