छत्रपती संभाजीनगरमधील एक समुपदेशन केंद्र : १४ महिन्यांचा अनुभव

दर गुरुवारी जालन्याहून एसटीने जाऊन मी गेले १४ महिने संभाजीनगरमधील एका खासगी केंद्रात उपचार घेत आहे. छातीत धडधड, रात्र-रात्र जागरण आणि नवऱ्याने फोन उचलला नाही की तो आता आपल्याला सोडूनच जाणार अशी खात्री, या तक्रारी घेऊन मी यापूर्वी दोन ठिकाणी गेले होते. दोन्हीकडे झोपेच्या गोळ्या आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मिळाला. येथील मनोविकारतज्ज्ञांनी मात्र तीन भेटींमध्ये लहानपणापासूनची नाती, रागाचे प्रसंग आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांची सविस्तर विचारपूस केली आणि मगच बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा, सोडून दिले जाण्याची तीव्र भीती असणारा मानसिक आजार) निदान केले. माझी चिंता बहुतेक वेळा माणूस दुरावण्याच्या भीतीतून उठते, म्हणून नुसती धडधड थांबवून भागणार नाही आणि निदान वर्षभर तरी यावे लागेल, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितले.

उपचारपद्धतीचे नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे बोलण्यातून आणि तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवून केला जाणारा उपचार. ती विकसित करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी, तरुणपणी आपणही अशाच त्रासासाठी रुग्णालयात दाखल होतो, हे २०११ मध्ये जाहीर केले होते. समुपदेशक मॅडमनी हे सांगितले तेव्हा मला रडू आवरले नाही. आठवड्यातून एकदा मॅडमशी एकटीने बोलणे आणि त्याच दिवशी दुपारी सात-आठ जणांच्या गटात कौशल्यांचा वर्ग, असा क्रम असतो. घरी रोज तक्ता भरायचा: आज भीती ० ते ५ पैकी किती, मनात काय आले, त्यावर मी काय केले. आई विचारायची, “नुसतं बोलायला एवढे पैसे कशाला गं?” मग एका रात्री तिने मला, वर्गात शिकवल्याप्रमाणे, पातेल्यात बर्फाचे पाणी घेऊन, श्वास रोखून त्यात चेहरा बुडवताना आणि अर्ध्या मिनिटात हातांची थरथर कमी होताना पाहिले, त्यानंतर बर्फाचा ट्रे तीच भरून ठेवते. (यामुळे नाडी मंदावते, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.)

एक तक्रार गंभीर आहे. सहाव्या महिन्यात मॅडमनी नोकरी सोडली आणि ते मला आदल्या रात्री एका मेसेजने कळले. जिचा आजारच सोडून दिले जाण्याच्या भीतीचा आहे, तिला असा निरोप देणे ही साधी कार्यालयीन चूक मानता येत नाही. पुढचा दीड महिना माझ्या तक्त्यातला भीतीचा आकडा ४ च्या खाली उतरला नाही. केंद्राने नंतर माफी मागितली, आणि नव्या मॅडम सुट्टीवर जाणार असल्या तर तीन आठवडे आधी सांगतात, त्या दिवसांत काय करायचे तेही माझ्याबरोबर लिहून काढतात. एवढ्याने विश्वास बराच परत आला.

एका गुरुवारचे १,३०० रुपये होतात. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने प्रवास तरी परवडतो. विम्याचे पैसे मात्र माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय मिळत नाहीत. केंद्राचा फोन सायंकाळी सातनंतर बंद असतो. रात्रीसाठी शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. मी तो दोनदा लावला आहे. नाव नोंदवण्यापूर्वी, समुपदेशक बदलल्यास पूर्वसूचना किती दिवस आधी मिळेल, हे केंद्राकडून लेखी घ्यावे.