गाडीतला कॉम्प्रेसरवाला फ्रिज, नवतप्यात कसा चालते

ब्रह्मपुरीकडं लग्नाच्या जेवणाचे ऑर्डर घेतो आम्ही, पनीर-खवा, कधी चिकन नागपूरहून गाडीत आणावं लागते, त्यासाठी हा ३५ लिटरचा १२ व्होल्टवाला घेतला.

पहिले हे आयका, बिना कॉम्प्रेसरचे जे स्वस्त कुलर-वॉर्मर बॉक्स भेटतात ते आपल्या इकडं उन्हाळ्यात घेऊच नका भाऊ, ते बाहेरच्यापेक्षा १५-२० डिग्रीच खाली उतरतात, म्हणजे बाहेर ४५ असलं तर आत २५-३०, अन् ५ ते ६० च्या मधात तर जंतू धडाधड वाढतात. थंड गावच्या लोकायचे रिव्ह्यू वाचून काय फायदा.

हा खरंच गार करते. माल ५ च्या खाली राहाला पाहिजे म्हणून मी ३ वर ठेवतो. फ्रोझन मटार, आईस्क्रीम असलं तर उणे १८ लागते, तेवढं पण जाते, पण कप्पा एकच आहे, एका टायमाला फ्रिज नाहीतर फ्रीझर, अन् उणे १८ वर दुपारी कॉम्प्रेसर थांबतच नाही.

आता खरी गोष्ट. स्क्रीनवरचा आकडा आतल्या सेन्सरचा असते, मालाचा नाही. स्क्रीन ३ दाखवत होती अन् पनीरच्या मधात काडीवाला थर्मामीटर खुपसला तर ९! दुकानदारानं बाहेर ठेवलेलाच माल दिला होता. हा डब्बा थंड माल थंड ठेवते, गरम माल झटपट थंड करणं ह्याच्या बापाच्यानं होत नाही. म्हणून आदल्या रात्रीच घरच्या लाईनवर लावून गार करून घ्या, माल दुकानातूनच थंड घ्या, अन् कच्चं चिकन बंद डब्ब्यात सगळ्यात खाली.

भिवापूरला चहाले थांबलो की इंजिन बंद, बॅटरी कटऑफ (गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून फ्रिज आपोआप बंद करणारी सेटिंग) 'हाय' वर असलं तर हा चुपचाप बंद पडते, अलार्म-बिलार्म काही नाही. अमेरिकेतला सरकारी नियम असा का नासणारा माल बाहेर २ तास चालते, ३२ डिग्रीच्या वर फक्त १ तास. आपल्याकडं मे मध्ये रात्री जेवणाच्या टायमाले पण ३२ च्या वरच असते. अन् वास नाही आला म्हणजे माल चांगला, असं काही नसते बाप्पा.

४ स्टार. एक कापला तो लाईटर सॉकेटमधल्या ढिल्या पिनेसाठी, खड्ड्यात गाडी आदळली का निघते, सरळ बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर ओढून घ्या.